सहा किलवरचे सात गुण

आठ दिवस मालिनीताईंच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून बाकी सगळं होतं. गंगाधररावांनी तिथे आपल्या गुणपत्रकाचा संसार थाटला होता. बायको पोळी वाढायला आली की हा गृहस्थ कागदांवर वर्तमानपत्र पालथं घालायचा. जशी काही ती स्वतःच्याच घरात चोरी करायला आली होती! भाजी गार, आमटी गार, आणि वर "जरा थांब गं, टक्केवारी चुकेल."

क्लबची ब्रिजची बोली स्पर्धा रविवारी सकाळी होती. या स्पर्धेत डाव खेळायचाच नसतो. सगळ्या जोड्यांना तेच पत्ते; दोघा भिडूंनी एकमेकांचे पत्ते न बघता नुसत्या बोली करत जायचं, आणि जिथे थांबतील त्या बोलीला पत्रकात बघून दहापैकी गुण मिळायचे. म्हणजे सगळी मदार त्या पत्रकावर. गंगाधररावांनी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेलं, म्हणून ते काम त्यांच्या गळ्यात. उरलेले पत्ते निरनिराळ्या तऱ्हांनी वाटले गेले तर शंभरात किती वेळा ती बोली पुरी होईल, हे काढून, आणि मोठ्या बोलीचं मोल जास्त धरून ते गुण लावायचे आणि पाकीट सील करून सेक्रेटरींकडे द्यायचे. त्यांच्या गुणांवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि याचा त्यांना कोण अभिमान.

पहिली जोडी पुण्याला राज्य स्पर्धेला जाणार होती. मालिनीताई तीनदा दुसऱ्या आल्या होत्या. चौसष्टाव्या वर्षी माणसाने अजून किती वाट बघायची? शिवाय त्यांची भिडू वल्लरी, निफाडच्या शाळेतली शिक्षिका, वर्षभर दर शनिवारी एसटीचे धक्के खात सरावाला येत होती.

आठव्या डावाला दोघी सहा किलवरवर थांबल्या. तेरापैकी बारा हात करायची बोली. बाकीच्या सगळ्या जोड्या तीन नो ट्रम्पवरच, म्हणजे नऊ हातांच्या सोप्या बोलीवर, बसकण मारून मोकळ्या झाल्या. दहा गुण आपलेच, मालिनीताईंनी मनात धरून टाकलं.

पाकीट फुटलं. तीन नो ट्रम्पला सहा, सहा किलवरला सात. शेवटची बेरीज झाली तेव्हा देवव्रत आणि राकेश त्र्याहत्तर, मालिनीताई आणि वल्लरी एकाहत्तर. वल्लरी पर्स आवरायला लागली. मालिनीताईंच्या मात्र डोक्यात तिडीक गेली.

त्या सरळ नवऱ्याच्या टेबलाशी गेल्या. "अहो, सहा किलवर शंभरात किती वेळा होतात?"

गंगाधरराव चष्मा पुसायला लागले. त्यांच्यात दुर्गुण पुष्कळ, पण खोटं बोलता येत नाही. "ब्याऐंशी."

"मग सात कसे?"

"अगं, एकतीस वर्षं तुझ्याबरोबर खेळलोय. हे पत्ते आले की तूच तिथे जाणार, दुसरं कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. दहा लावले असते तर लोक म्हणाले असते, बायकोसाठीच डाव मांडला." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "म्हणून जरा हात आखडता घेतला."

"म्हणजे मी परकी असते तर दहा दिले असते?"

"हो."

कपाळ! या माणसाला काय म्हणावं? आठ दिवस गार आमटी प्यायला तो न्याय करण्यासाठी, आणि न्याय सगळ्या गावाला वाटला, घरचं माणूस तेवढं वगळून.

"बरं, मी तुमची बायको," मालिनीताई म्हणाल्या. "माझं नशीब. पण वल्लरीने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

गंगाधररावांचा चष्मा हातातच राहिला. त्यांनी दाराशी उभ्या वल्लरीकडे पाहिलं. तिचा हिशोब त्यांनी केलाच नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

मग ते उठले, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलले. टक्केवारी सांगितली, सात का लावले तेही सांगितलं, काहीही न लपवता. पत्रकावर सातवर काट मारून दहा केले आणि शेजारी सही केली. सेक्रेटरींनी मान डोलावली. चौऱ्याहत्तर.

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. देवव्रतने शांतपणे पेन खिशाला लावलं. "छान आहे, सर. घरचा परीक्षक असावा तर असा."

"घरचा होता म्हणूनच सात मिळाले होते, देवव्रत," मालिनीताई म्हणाल्या. पण तोवर मागच्या दोन टेबलांवर कुजबुज सुरू झाली होती, आणि ती आता पुण्यापर्यंत जाणार हे त्यांना दिसत होतं. सकाळी पाकिटातून दहा निघाले असते तर कुणी ब्र काढला नसता.

गंगाधरराव खुर्चीत मिटून बसले होते. "बघ, म्हणालेच ना लोक," ते पुटपुटले.

"आता तुमच्यामुळे म्हणाले," मालिनीताई म्हणाल्या, आणि सेक्रेटरींनी पुढे केलेल्या पुण्याच्या फॉर्मवर आधी वल्लरीचं नाव घालून मग आपलं लिहिलं.