हळद कुणाच्या घरी

दिशाची हळद माझ्याच घरी होणार, हे मी साखरपुड्याच्या दिवशीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. एकुलती एक लेक माझी. जरा सैल सोडलं असतं तर सगळं वऱ्हाड सायलीच्या अंगणात जाऊन बसलं असतं.

सायली माझी धाकटी जाऊ. तीन वर्षांपूर्वी मखमलाबादचा मळा विकला आणि दोघा भावांनी एकाच महिन्यात घरं घेतली. मी गंगापूर रोडला नवव्या मजल्यावरचा फ्लॅट पसंत केला. खाली कारंजं, आत पांढराशुभ्र इटालियन मार्बल, बाथरूममध्ये आंघोळीला वेगळी काचेची खोली. आणि सायलीनं काय घ्यावं? पेठ रोडला पत्र्याच्या तीन खोल्या आणि पुढे भलंमोठं अंगण! घर बघायला गेली तेव्हा तिनं दोनच गोष्टी विचारल्या: नळाला पाणी किती वेळ येतं आणि टेम्पो दारापर्यंत येतो का. माझे दीर दीपक फुलांचा धंदा करतात, झेंडूचे ढीग टाकायला जागा हवी म्हणे. मी तोंडाला पदर लावून हसले होते.

पण झालं भलतंच. जो तो तिच्याकडेच. सासूबाई माझ्याकडे महिनाभर राहायला आल्या आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरून तिकडे गेल्या. दिशाला तर अभ्याससुद्धा काकूच्या ओट्यावरच सुचायचा. देखणं घर माझं आणि माणसं तिच्या दारात. माझा नुसता जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

हळदीच्या सकाळी मी हॉलभर प्लास्टिक अंथरलं, त्यावर सतरंज्या, त्यावर जुन्या चादरी. येणाऱ्या प्रत्येकीला दारातच सांगत होते, "जरा जपून हं, मार्बलवरचा हळदीचा डाग निघत नाही." बायका सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसल्या. एकीनं गाणं सुरू केलं, तर खालच्या मजल्यावरून इंटरकॉम वाजला. चुलत सासूबाई अंबूबाईंनी दिशाच्या गालांना हळद लावली आणि माखलेले हात तसेच हवेत धरून विचारलं, "मनीषा, आता हात कुठं टेकू गं?"

मग न्हाणं. आमच्यात हळदीनंतर नवरीला पाटावर बसवतात, चार बाजूंना चार तांबे ठेवून भोवती सूत गुंडाळतात आणि पाच सवाष्णी मिळून तिला न्हाऊ घालतात. काचेच्या खोलीत पाट ठेवला तर दार लागेना. दार उघडं ठेवलं तर पाणी बेडरूममध्ये येणार. दोन सवाष्णी आत मावल्या, तीन बाहेर राहिल्या. चौथा तांब्या वॉशबेसिनवर ठेवला, तर सूत शॉवरला अडकलं. कुणीतरी फिसकन हसलं.

"एवढं मोठं घर, आन पोरीला न्हायला जागा नाय?" सासूबाई म्हणाल्या.

मी उलट बोलणार, तेवढ्यात दिशाकडे लक्ष गेलं. हळदीचं अंग कुठे लागू नये म्हणून ती खांदे आवळून उभी होती. गालांवरची हळद वाळून तडकली होती.

"मम्मी, मी हलत नाहीये," ती म्हणाली. "काही खराब नाही होणार."

स्वतःच्या हळदीत पोर चोरासारखी उभी होती, आणि ते मीच तिला शिकवलं होतं. सायली सुताचं टोक धरून दाराशी होती. सकाळपासून एका शब्दानं बोलली नव्हती. तिचा हाच शहाणपणा मला सहन होत नाही. तिच्याकडे न बघताच मी विचारलं, "तुझ्याकडे पाणी आहे का गं?"

"आहे ना, ताई. टाकी भरलीये."

सगळ्या बायका गाड्यांत कोंबून आम्ही पेठ रोडला पोचलो. अंगणात सडा घातलेला होता. पाट मांडलेला. चुलीवर पाण्याचा हंडा, खाली लाकडं रचलेली, नुसती काडी लावायची बाकी.

"हे कधी केलंस?"

"सकाळीच. म्हटलं, लागलं तर असावं."

लागलं तर! म्हणजे हिला आधीच ठाऊक होतं. मला इतका राग आला की तिच्या हातातली काडेपेटी ओढून मीच चूल पेटवली आणि पाणी तापेपर्यंत तिथून हलले नाही.

मागे नुसता धुडगूस चालला होता. हळद पुन्हा कालवली होती. बायका मोकळ्या गळ्यानं गात होत्या. अंबूबाईंनी हात सरळ भिंतीला पुसले. दिशा ओरडत अंगणभर पळत होती, आणि पळता पळता मागून येऊन मला घट्ट बिलगली. नव्या साडीचं वाटोळं झालं. मला फार बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा ती माझ्या अंगाला लागली होती.

तिच्या खांद्यावरून मी पलीकडे पाहिलं. सायली वाकून तांब्यांत पाणी भरत होती. तिच्या पाठीवर दिशाच्या दोन्ही हातांचे पिवळे पंजे उमटले होते. आणि ते वाळलेही होते.