चढाचा गिअर: जादा

त्या यादीवरची तांबडी रेघ तुम्ही मारलीत. दुसऱ्या कोणी नाही. रेघेच्या शेवटी तुमची सही होती आणि ती सही मी ओळखतो, कारण तुमच्या निमंत्रणपत्रिकांवर छापायचा तिचा ठसा मीच रॉकेलने पुसून ठेवत असे. तुमचं नाव लिहीत नाही, हुद्दाही लिहीत नाही. तुमचं तुम्हाला कळेल.

मी याकोब. नगरच्या एका छापखान्यात कंपॉझिटर होतो. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं खिळे जुळवता जुळवता शिकलो. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. म्हणून मला उलटं आधी वाचता येतं आणि सुलटं नंतर.

सेहेचाळीस साली, दिवाळीनंतर, मुंबईच्या एका मोटारकंपनीचा एजंट छापखान्यात आला. लढाई संपून वर्ष झालं तरी पेट्रोलला कूपनंच लागत होती. तुमच्या कमिटीकडे रुग्णांच्या मोटारीसाठी लोकांनी दिलेला फंड पडून होता. एजंटाने बरोबर त्या वेळी विजेची मोटार आणली. तिचं मराठी हस्तपत्रक मी जुळवलं. आजही तोंडपाठ आहे. पेट्रोल नको, कूपन नको. बॅटऱ्या रात्री पॉवरहाऊसवर भराव्या, सकाळी मोटार तयार. वेग ताशी अठरा मैल. एका भरणीत चाळीस मैल. इंजिनाचा आवाज नाही, सबब रुग्णास त्रास नाही. किंमत सहा हजार चारशे.

वर मोटारीचं चित्र होतं. खिडक्यांना पडदे, पुढे निकेलचा भोंगा, आत गादी. सबंध पानात डोळा तिथेच जाई. तळाला जादा वस्तूंची यादी. बॅटऱ्यांचा दुसरा संच, साडेअकराशे. चढाचा गिअर, तीनशे ऐंशी. गादी, पडदे, भोंगा, सगळ्यांच्या वेगवेगळ्या किमती. चित्रात दिसतं त्यातलं किमतीत काय येतं, तर चाकं आणि पत्रा.

आणि त्याच्याही खाली एक ओळ. ‘चाळीस मैल हे अंतर सपाट रस्त्यावर व दोन माणसांच्या वजनास धरून आहे.’ ही ओळ छापखान्यात असेल त्या सर्वांत बारीक टाइपात बसव, असं एजंट म्हणाला. मी फोरमनकडे पाहिलं. फोरमन म्हणाला, गिऱ्हाईक सांगेल तो टाइप. मी बसवली. यात माझे हात धुतलेले आहेत असं मी म्हणत नाही.

मग तुम्ही चाचणी घेतलीत. मोटार नगरहून पाथर्डीला गेली, बत्तीस मैल, आत ड्रायव्हर आणि एजंट. पाथर्डीत हार घातले, फोटो काढला. पण नगरहून तिकडे जाताना करंजीचा घाट उतरावा लागतो, हे पाथर्डीच्या शेरडांनाही ठाऊक आहे. उतारावर तर दगडही मैलभर जातो. मोटार परत कशी आली हे तुम्ही विचारलं नाहीत. मी विचारलं. ड्रायव्हर कानिफनाथ म्हणाला, ‘लॉरीवर चढवून आनली, वर ताडपत्री टाकून. एजंट शेठ म्हनले, कुनाला बोलू नको.’

पुढच्या आठवड्यात उद्‌घाटनाची पत्रिका छापायला आली. तुमच्या चपराशाने मजकुराबरोबर चुकून ऑर्डरचा कागदही दिला. दुसऱ्या बॅटरीसंचावर तांबडी रेघ. चढाच्या गिअरवर तांबडी रेघ. बाजूला तुमच्या अक्षरात ‘अनावश्यक’. पडदे, भोंगा, गादी आणि तुमच्या नावाची पितळी पाटी, यांच्यापुढे बरोबरची खूण. मी तो कागद फोरमनला दाखवला. तो म्हणाला, आपण खिळे जुळवायचे, कमिट्या नाही. मी कागद परत पाकिटात घातला. तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती. नोकरी राहिली.

आणि मग मी जे केलं ते तुमच्याहून मोठं शहाणपणाचं. माझा थोरला भाऊ सत्यवान घाटाखाली आमच्या गावी विहिरी खोदायचा. गाव नगरपासून अठरा मैल. जाऊन-येऊन छत्तीस, मोटार चालते चाळीस. मी हिशेब केला, खुशीत आलो आणि घरी पत्र टाकलं. नगरात आता रुग्णांची मोटार आली आहे, कोणी अडलं-नडलं तर बैलगाडी जुंपू नका, सकाळच्या बसबरोबर निरोप धाडा, मी मोटार घेऊन येतो. सपाट रस्ता आणि दोन माणसं, ही ओळ माझ्याच हाताने जुळवलेली. पत्र लिहिताना ती मला आठवली नाही, लॉरीवरची ताडपत्री आणि तांबडी रेघही नाही. चाळीसचा आकडा आठवला, तो मोठ्या टाइपात होता.

फेब्रुवारीत एका सकाळी सात वाजता विहिरीत दरड सुटली आणि धोंडा सत्यवानदादाच्या मांडीवर आला. बसवाल्याने निरोप घेतला. माणूस घेतला नाही, बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दहाला मला कळलं. परवानगीच्या सह्यांत एक तास गेला. अकराला निघालो. घाट उतरताना मोटार अशी अल्लद गेली की मी कानिफनाथाला म्हणालो, चीज आहे. त्याने मान वळवून मागच्या चढाकडे पाहिलं.

दादा ओसरीवर बाजेवर होता. मांडी पागोट्याने आवळलेली, पागोटं काळं झालेलं. दारात बैलगाडी उभी, जू रिकामं. माझी वहिनी रोझी म्हणाली, ‘गाडी जुपली हुती, भावजी. मंग तुमचं पत्र ध्यानात आलं, तवा बैलं सोडली.’

एकला निघालो. दादा, वहिनी, मी आणि कानिफनाथ. चार माणसं. घाटाच्या दुसऱ्या वळणावर मोटार मंदावली. तिसऱ्या वळणावर उभी राहिली. आवाज आधीही नव्हता, त्यामुळे बंद पडली हे कळायलाही वेळ लागला. कानिफनाथाने उतरून चाकाला दगड लावला. बॅटरी अर्धा तास निजली की जरा जीव धरते, म्हणाला. अर्धा तास थांबलो. मोटार वीस पावलं चढली आणि पुन्हा थांबली. असं तीनदा झालं. वहिनी आणि मी मागून रेटत होतो. ऊन पडद्यांतून आत जात नव्हतं, एवढं मात्र खरं.

दादा शुद्धीवर होता. म्हणाला, ‘याकोबा, वैरन टाक तुज्या मोटारीला.’ वहिनी हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला.

मग त्याने विचारलं, असं का होतंय. मी सांगितलं, चढाचा गिअर घेतलेला नाही.

‘का घेतला न्हाई?’

‘जादा होता.’

‘जादा म्हंजी?’

‘म्हणजे वेगळे पैसे पडतात.’

त्याने पडद्याचं टोक बोटात धरलं. मग म्हणाला, ‘आन् पडदं?’

‘तेही जादा.’

‘पर पडदं तर हायेत.’

तुम्ही तिथे असतात तर काय म्हणाला असतात, हे मला खरंच ऐकायचं आहे.

चारच्या सुमाराला सहादेव नावाचा शेतकरी मोकळे बैल घेऊन घाट चढत आला. त्याने मोटारीला प्रदक्षिणा घातली, पितळी पाटी वाचता येत नव्हती म्हणून बोटाने चाचपली आणि विचारलं, एवढ्या मोठ्या गाडीला बैल का जोडून देत नाहीत. कानिफनाथ म्हणाला, ते पण जादाच. सहादेवाने सोलाचा जाड दोर लावून बैल जुंपले. माथ्यावर पोचायला सहा वाजले. सकाळी साडेसातला जुंपलेली बैलगाडी याच्या दोन तास आधीच इस्पितळाच्या दारात उभी असती.

माथ्यावर रस्ता सपाट. निजलेल्या बॅटरीत थोडा जीव आला आणि मोटार आपल्या पायाने निघाली. इंजिनाचा आवाज नाही, सबब रुग्णास त्रास नाही. तेवढं पत्रकात खरं छापलं होतं. बसमध्ये असतो तर घरघरीत काही कळलं नसतं. इथे दादाचा श्वास नीट ऐकू येत होता. आत, बाहेर. मध्ये अंतर पडू लागलं. मी ते मोजत बसलो. मग पुढचा आला नाही, आणि तेही नीट ऐकू आलं. वहिनीलाही. तिने कानिफनाथाच्या पाठीला हात लावून सांगितलं, सावकाश चला आता, घाई न्हाई.

हे मी कशाला लिहितो आहे? गेल्या महिन्यात तुमच्या कमिटीचा वार्षिक अहवाल छापायला आला. त्याची ओळ न् ओळ माझ्या हाताखालून गेली. मोटारीच्या फेऱ्या, मान्यवरांची भेट, भोंग्याचा सुस्वर. आणि मग हे: ‘एका फेरीत रुग्णाच्या नातलगांनी कळवण्यास विलंब लावल्याने उपाय चालला नाही.’ ती ओळ मी जुळवली नाही. कागद फोरमनच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी मला कामावर घेतलं नाही. ती ओळ आता दुसरा कोणी जुळवेल, त्यालाही पोट आहे. अहवाल वेळेवर निघेल.

रोझी वहिनी रोजाने खडी फोडायला जाते, त्याच घाटाच्या रस्त्यावर. मोटार मात्र त्या बाजूला फिरकत नाही. तुमच्या आवारात उभी असते, पडदे ओढून. मागच्या रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळातून येताना वहिनी म्हणाली, ‘भावजी, तुमी लिवता ना, मंग त्यास्नी येवढं इचारा.’ तेवढंच विचारतो. चढाचा गिअर तीनशे ऐंशी रुपयांचा होता. तो अनावश्यक, आणि पडदे आवश्यक, हे ठरवताना तुमच्या डोळ्यांपुढे कोण झोपलं होतं त्या मोटारीत? नाव सांगा. उत्तर मला नको, घाटात तिसऱ्या वळणावर जाऊन वहिनीला द्या. ती दिवसभर तिथेच असते.