चतुराबाईची दाढ आणि मी

मी एक जुनी हिरडी आहे, तीही खोटी. प्लॅस्टरच्या ठोकळ्यात बसवलेली, रबराची. अख्ख्या वऱ्हाडात भाकरीचा घास कधी न पाहिलेली हिरडी बहुधा मी एकटीच.

मित्रांनो, दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. त्याच्या मुळांभोवती एक पातळ, लवचीक अस्तर असतं. चावताना दात त्यावर जरासा दबतो, म्हणून टिकतो. अकोल्याच्या डॉक्टर हेमचंद्रांना हे पुस्तकातून ठाऊक होतं, पण प्रयोग करताना आठवलं नाही. दाढ किती वजन सोसते हे पाहायला त्यांनी काढलेल्या दाढा नुसत्या प्लॅस्टरमध्ये रोवल्या. तीन तडकल्या. मग ते शेषराव सायकलवाल्याकडे गेले आणि त्यांनी पंक्चर चिकटवायचं रबरी सोलुशन मागितलं.

"काहून डॉक्टरसाहेब, दाताले पंक्चर झालं काय?" शेषरावांनी विचारलं.

ही १९६१ सालची गोष्ट. डॉक्टरांनी चौथ्या दाढेच्या मुळांना मेणाचा लेप दिला, ती ओल्या प्लॅस्टरमध्ये रोवली, नंतर मेण वितळवून काढलं आणि मोकळ्या फटीत सोलुशन भरलं. ते वाळलं, ती मी; डॉक्टर मला हिरडीच म्हणत.

माझ्या कुशीतली ती दाढ पांढरीशुभ्र होती. तिच्यावर मणभर वजन ठेवलं की आम्ही दोघी दबायचो. काढलं की पुन्हा जागेवर. तीन वर्षं आमचा हाच संसार. ती कुणाची, हे तिनंच मला सांगितलं. अकोटच्या जिनात कापूस निवडणाऱ्या चतुराबाईची. ठणकत होती शेजारची. डॉक्टरांनी घाईत हिलाच उपटलं. आठ दिवसांनी बाई गाल धरून परत आली. तेव्हा किडकी काढली आणि म्हणाले, "दोन्ही किडल्या होत्या." बाई पाया पडून गेली.

दर हिवाळ्यात ती एसटीनं हुरडा घेऊन यायची. "तुमी खा साहेब. त्या अंगाच्या तं पहिलेच पडल्या होत्या, आता या अंगानं बी चावत नाही. मी भाकर बी भिजवून खातो." डॉक्टर पिशवी घ्यायचे, पण तशीच कंपाउंडरच्या हाती द्यायचे. तो बाळसं धरत गेला.

१९६४ मध्ये अमरावतीला दंतवैद्यांची सभा भरली. सात खुर्च्या, पाच दंतवैद्य. माझं फार कौतुक झालं, टाळ्या पडल्या. मग म्हातारे भगवंतराव भिंगातून बघत म्हणाले, "अस्तर छानच जमलंय हो. पण एवढी निरोगी दाढ काढली कुणी?"

डॉक्टरांनी मला टेबलावरून उचललं आणि पिशवीत घातलं.

त्या हिवाळ्यात चतुराबाई आली. टेबलावर माझ्यातली दाढ पाहून म्हणाली, "कोनाची व्हय साहेब? लय चांगली हाये."

"तुमची," डॉक्टर म्हणाले. "दुखत होती ती दुसरी. चूक माझी, चतुराबाई. तुम्ही गाल धरून आलात, तेव्हाच कळली होती."

बाई रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग तवाच काहून नाही सांगतलं? तीन सालं माह्या हातचा हुरडा घेऊन राहिले ना तुमी." आणि तिनं हात पुढे केला.

ज्या चिमट्यानं डॉक्टरांनी ती उपटली होती, त्याच चिमट्यानं त्यांनी ती माझ्यातून ओढली. मी सोडत नव्हते. धरून ठेवणं एवढंच मला येत होतं. एका बाजूनं फाटले, तेव्हा ती सुटली. बाईनं दाढ पदराच्या गाठीत बांधली, हुरड्याची पिशवी परत उचलली आणि गेली. पुन्हा आली नाही.

डॉक्टरांनी प्रयोग बंद केले. आता दात काढण्याआधी ते रोग्याचंच बोट त्या दातावर ठेवून विचारतात, "हाच ना?" मग पुन्हा विचारतात. रोगी हसतात.

मी कपाटात आहे. रबर कडक झालंय, पण तिच्या मुळांची जागा माझ्यात जशीच्या तशी आहे. मित्रांनो, निकोप काही उपटण्याआधी विचारून घ्या. आणि चूक झालीच, तर हुरडा घेण्याआधी सांगा.

थंडी पडली की डॉक्टर अजून दाराकडे बघतात. मी बघत नाही. मला डोळे नाहीत. एक खड्डा तेवढा आहे.