टाळ्यांत गेलेला गुडघा

शनिवारी दुपारी ऑरेस्ट आईकडे जेवायला आला, तेव्हा घरातलं शेंडेफळ लॅरिसा कोचावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्याला पट्टा, खाली टॉवेलची गुंडाळी, आणि आई तिच्या हातात गरम पेरोग्यांची, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांची, बशी देत होती, वर आंबट साय. ऑरेस्टच्या पोटात दुखू लागलं.

"राणीसाहेबांची बडदास्त झकास आहे!"

"जळू नकोस," गुडघ्याने टॉवेल दाबायचा व्यायाम करत लॅरिसा म्हणाली.

तो जळतच होता. गेल्या आठवड्यात आइस हॉकीच्या सामन्यात बर्फावर वळताना तिच्या गुडघ्याची वाटी सरकून बाजूला गेली. इस्पितळात ती बसवली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, "वाटी जागेवर आली म्हणजे गुडघा बरा झाला असं नाही. तिला धरून ठेवणारा बंध फाटलाय. तो भरून येऊ दे, मांडीत जोर येऊ दे, मग खेळ."

ऑरेस्टला हे कोणी सांगितलंच नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी, अंतिम सामन्यात त्याची वाटी अशीच सरकली. प्रशिक्षक मर्वने पाय सरळ करून ती आत ढकलली, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि त्याला परत बर्फावर पाठवलं. त्याने गोल मारला. गावाने त्याला डोक्यावर घेतलं, रिंकच्या, म्हणजे हॉकीच्या बर्फाळ मैदानाच्या, दारात फोटो लावला. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या या गावात दुखणं गिळून खेळतो त्याचं कौतुक, बसून राहतो तो भित्रा. मुलीही यातून सुटलेल्या नाहीत. फोटोतला वीर मात्र आता जिना आडवा उतरतो, कारण वाटी केव्हा दगा देईल याचा भरवसा नाही.

जेवण चाललं असतानाच मर्व लॅरिसाची जर्सी घेऊन आला.

"आज तुझ्यावाचून सामना गेलाच समज, पोरी. घट्ट पट्टी मारू. हा तुझा भाऊ खेळलाच की!"

लॅरिसाने भावाकडे पाहिलं. "जमेल ना रे मला? खरं सांग."

ऑरेस्टच्या मनात आलं ते लाज वाटावी असंच होतं. जाऊ दे हिला. मी एकट्यानेच का लंगडायचं? 'जमेल' हा शब्द ओठांवर आलाही होता. तेवढ्यात टॉवेल दाबताना तिची मांडी थरथरली, आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

"नाही जमणार. मर्व, त्या गोलनंतर मी नीट धावलेलो नाही. माझ्या पोरांबरोबरसुद्धा नाही."

"तू कधी तक्रार केली नाहीस."

"केली असती तर तुम्ही लोकांनी फोटो लावला असता?"

मर्व जर्सी कोचावर टाकून निघून गेला. आईचे डोळे भरले. "मला तरी सांगायचंस रे. मी थांबवलं असतं."

"तुला दिसत होतं, आई. सगळ्यांच्या पुढे उभी राहून तू टाळ्या वाजवत होतीस."

आई बशी उचलून आत गेली.

संध्याकाळी ऑरेस्टने रिंकच्या दारातला फोटो लोकांदेखत खाली उतरवला.

"मान परत करतोस होय?" कोणीतरी खवचटपणे विचारलं.

"हो. बदल्यात गुडघा परत मिळतो का बघतो."

आईकडे परत येऊन तो बहिणीशेजारी जमिनीवर बसला. "मलाही तुझे व्यायाम शिकव."

"आधी त्या बाईंना दाखव, मग शिकवते," ती म्हणाली आणि पाय सरळ उचलून दाखवला. त्याला परत हेवा वाटला.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या रिंकवरून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. आई दचकली.

"आज कोणाचं पोर दुखणं गिळून खेळत असेल?" ती म्हणाली, आणि कोट घालून रिंककडे निघाली.