रेंज नाही

"पुन्हा पुटपुटली. तोंड उघडून बोलायला या बाईला काय होतं, देव जाणे."

लॉरीखालून आवाज आला, माझ्या पायांपासून हातभर अंतरावरून. मी नुसतं विचारलं होतं, "सतरा-एकोणीसचा पाना देऊ का?" तेही अशा आवाजात, की नंजनगूड रोडवरून जाणाऱ्या बसच्या खिडकीतल्या दोघांनी वळून बघितलं. मग मी वाकले, पाना त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. तेलकट हात पुढे आला आणि पाना घेऊन गेला. आमचा संसार गेली तीन वर्षं असा चालला आहे. मी वाकते, ते घेतात, आणि पुटपुटण्याचा दोष माझ्याकडे राहतो.

आमचे तुकोजीराव डिझेल इंजिनांचे मेस्त्री. बंडीपाळ्याच्या मार्केट यार्डापासून जरा पुढे, पत्र्याच्या शेडमध्ये पस्तीस वर्षं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग." उघडून बघितलं की तिसराच. तमिळनाडूपासून ड्रायव्हर यायचे. आता नव्या गाड्या येतात त्यांना कान लागत नाही. त्यांना वायर जोडतात, पडद्यावर आकडे उमटतात, आणि इस्त्रीच्या शर्टातला पोरगा ते वाचून दाखवतो. त्या गाड्या आमच्या शेडकडे बघतसुद्धा नाहीत. आमच्याकडे उरल्या त्या पंधरा-सोळा वर्षांच्या म्हाताऱ्या लॉऱ्या. त्यांचे सुटे भाग कंपनीने बनवायचे थांबवलेत, आणि त्यांच्या मालकांचा भरवसा फक्त एका गोष्टीवर आहे. मेस्त्रीच्या कानावर.

आणि तो कान गेला आहे.

सगळा नाही. इंजिनाची ठकठक, गिअरबॉक्सची घरघर, पुरुषांची भांडणं, हे सगळं त्यांना अजून नीट ऐकू येतं. म्हणून तर कळायला वेळ लागला. बारीक, उंच आवाज तेवढे गेले. कुकरच्या शिट्ट्या, फोनची घंटी, नातीचं बोलणं, माझं बोलणं. एकदा अग्रहारातल्या आमच्या घरी ते कुकरशेजारी पेपर वाचत बसले होते आणि आतल्या डाळीचा कोळसा झाला. "शिट्टीच झाली नाही," म्हणाले. मी कुकरची रिंग बदलून आणली. दुसरं काय करणार? कान तपासणारी मोठी संस्था आमच्याच गावात आहे, बाहेरगावचे लोक मुक्काम करून तिथे दाखवतात. आमची बस तिच्या फाटकावरून जाते. त्या वेळी ते दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघतात, आणि मीही.

फोनवर त्यांनी एक युक्ती काढली होती. कुणाचाही फोन आला, की जरा ऐकल्यासारखं करायचं, मग "रेंज नाही, रेंज नाही" म्हणून माझ्या हातात द्यायचा. फोनवर चारही काड्या उभ्या असायच्या.

पण बारीक आवाजांत एक आवाज असा आहे, जो ऐकू आलाच पाहिजे. लॉरीचे ब्रेक हवेवर चालतात. नळीत, चेंबरच्या रबरात कुठे फट राहिली, तर पेडल दाबल्यावर सीऽऽ असा आवाज येतो. सापासारखा. ब्रेकचं काम झालं की माझे दीर शंभूराव वर बसून पेडल दाबतात, तुकोजीराव चाकाशी कान नेतात आणि म्हणतात, "आयितु." झालं. ड्रायव्हर नमस्कार करतो. तुकोजीराव पलीकडे मणीच्या टपरीवर चहाला जातात.

ते गेले, की मी साबणाच्या पाण्याचा मग आणि दाढीचा जुना ब्रश घेऊन चाकाशी बसायची. शंभूराव न सांगता पुन्हा पेडल दाबायचे. सांध्यांवर फेस लावायचा. बुडबुडे आले तर फट आहे. तीन वर्षांत पाच वेळा आले. पाचही वेळा शंभूरावांनी मुकाट्याने सांधा आवळला. त्यावर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर ते खरं झालं असतं.

तर त्या दिवशी लॉरीखाली जे काम चाललं होतं, ते नरसिंहच्या गाडीचं. पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेक चेंबरचा रबर फाटला होता. रबर मिळाला, पण चेंबरची दोन झाकणं धरून ठेवणारा क्लॅम्प कुठेच मिळेना. जुनाच ठोकून सरळ केला. नरसिंह टोमॅटो भरून कालिकतला निघणार होता. बंडीपूरचं जंगल, मग वायनाड, मग घाट. नऊ वळणं, सरळ खाली. स्वतःची एकुलती एक गाडी, आणि तीही सोळा वर्षांची. हवा कमी झाली की ओरडणारा तिचा भोंगा कधीच मुका झाला होता.

"अक्का, आज डबा नाही?" नरसिंहने विचारलं.

"विजयनगरला निघालेय, मुलीकडे. नात तापली आहे. घाटात खाऊ नको काही, तुला उलटी होते."

"पंधरा वर्षांपूर्वी एकदा झाली होती, अक्का."

"मी काय विसरले?"

शंभूराव हसले. मी पिशवी उचलली, त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मी घेतला, 'मी आहे, तुम्ही जा.' त्यांनी काय घेतला ते मला दुपारी कळलं.

सव्वा वाजायच्या सुमारास मी परत आले. शेड रिकामी. तुकोजीराव एका पंपाची स्प्रिंग डोळ्यांशी धरून बसलेले, शंभूराव जेवत होते. मी हात धुवायला गेले आणि साबणाचा मग बघितला. ब्रश काठीसारखा कडक. मगाच्या तळाशी साबणाची कोरडी पापडी, त्यात एक मुंगी.

"भाऊजी, ब्रश कोरडा का?"

शंभूरावांचा घास हातातच राहिला. "म्हणजे? आज गरज नाही म्हणालात ना?"

"मी? मी निघाले तेव्हा तर क्लॅम्पसुद्धा बसला नव्हता."

"जाताना माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आज राहू दे असं सांगताय."

"मला वाटलं, तुम्ही करणार."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. झाकण न लावता.

शेजारचा टायरवाला बिंदुमाधव आमच्या नळावर पाणी भरत होता. त्याला कुठल्याही संभाषणात शिरायला दार लागत नाही. "नरसिंहच्या गाडीचं म्हणताय? इथे वळवताना त्यानं ब्रेक मारला तर सूंऽ केलं की हो. स्पष्ट ऐकलं मी."

"मग सांगितलं का नाही?"

"मी काय सांगू? मेस्त्री चाकाला कान लावून ठीक म्हणालेत. त्यांच्यापुढे मी टायरवाला."

मी फोन काढला. 'व्याप्ती प्रदेशद होरगे' म्हणाली ती फोनमधली बाई, शांत, झोपाळू कन्नडमध्ये. रेंजच्या बाहेर. म्हणजे गाडी जंगलात शिरलेली. पुन्हा लावला. पुन्हा तीच. या बाईला काही घाई नव्हती.

जंगलाअलीकडच्या गुंडलुपेटच्या पंक्चरवाल्याला लावला. गाडी बाराला पुढे गेली, म्हणाला. शंभूराव मोटारसायकलची किल्ली शोधायला लागले. "अडीच तास पुढे आहे तो," मी म्हटलं. त्यांनी किल्ली शोधायचं थांबवलं नाही. ती त्यांच्या हातातच होती.

मग त्यांनी पोलिसांचा नंबर फिरवला. मला पलीकडचं ऐकू येत होतं. गाडी कुठली, कुठे चालली, सगळं नीट विचारलं. मग, "ब्रेक तपासला होता का? कोणी? ते काय म्हणाले?"

शंभूरावांनी समोर बघितलं. दहा पावलांवर त्यांचा थोरला भाऊ, ज्याने त्यांना बोट धरून पाना शिकवला, स्प्रिंगवरचं तेल पुसत होता.

त्यांनी फोन ठेवून दिला.

मला राग आला नाही, हे लिहिताना माझीच मला लाज वाटते. मी पुन्हा फिरवला, गाडीचा नंबर दिला, क्लॅम्प जुना आहे म्हटलं, कळवतो म्हणाले. मीही तपासणाऱ्याचं नाव गाळलंच. 'माहीत नाही' म्हटलं. एक माणूस घाटाकडे चाललाय, भरलेली गाडी, प्रत्येक वेळी पेडल दाबलं की हवा बाहेर. नऊ वळणांत किती वेळा दाबेल? हवा संपली की मागची चाकं आपोआप जाम होतात, असं यांनीच मला शिकवलेलं. सरळ रस्त्यावर ती सोय. वळणावर, बारा टन टोमॅटोंसकट, मागची चाकं जाम झाली तर गाडी आडवी फिरते. आणि कठडा केवढा असतो? माझ्या कमरेएवढा.

दोन वाजता नरसिंहच्या फोनची घंटी वाजली. वाजतच राहिली. जंगलापलीकडे बत्तेरीजवळ रेंज आली असणार. पण त्या इंजिनाच्या आवाजात नरसिंहला खिशातला फोन कुठला ऐकू येतोय. सव्वादोन. अडीच. बिंदुमाधव आता घरी जायला तयार नव्हता. बादली भरून वाहत होती, कुणी नळ बंद केला नाही.

"काय झालं?" तुकोजीराव उठून आले. त्यांना आवाज नाही, पण आमची तोंडं दिसत होती.

"काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही, अण्णा," शंभूराव म्हणाले.

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग माझ्या हाताकडे. साबणाचा तो मग, ब्रशासकट, अजून मीच धरून ठेवला होता. त्यांनी तो घेतला, ब्रशच्या केसांवरून अंगठा फिरवला. केस तुटले.

"आज नाही केलंत," ते म्हणाले.

बिंदुमाधवने नळ बंद केला.

"तीन वर्षं त्या मणीचा चहा पितोय मी," ते म्हणाले. "भिजवलेल्या पोत्याचं पाणी. तुम्हाला वाटलं, मला आवडतो?" हळू आवाजात बोलले. त्यांचा आवाज आजकाल मोठाच असतो, पण हे हळू. "तुमचं होऊ दे म्हणून दोन-दोन कप प्यायचो. आजही प्यालो. परत आलो तर गाडी गेलेली. म्हटलं, झालं असेल."

म्हणजे आम्ही तिघं. तिघांनी तिघांपासून लपवलं होतं, आणि चौथा घाटाकडे चालला होता.

तीन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. नरसिंह.

"काय अक्का, सतरा मिसकॉल? नात बरी आहे ना?" मागे इंजिन धडधडत होतं. "लक्किडीला आहे. घाटाच्या तोंडाशी. चहा घेतला, निघतोय."

"निघू नको. ब्रेकला हवा गळतेय तुझ्या. गाडी तिथेच लाव."

"अक्का, सुम्ने, उगाच घाबरता. गाडी फर्स्ट क्लास आलीये. जंगलात ब्रेक मारायला लागतोच कुठे?"

"नरसिंह, ऐक. बिंदुमाधवने सूं ऐकलं."

"बिंदुमाधव?" तो हसला. "त्याला टायरमधली हवा कळू दे आधी. मेस्त्रींनी कान लावून सांगितलंय ना? झालं. पाचच्या आत यार्डात पोचलो नाही तर माल कुणी उतरवून घेत नाही. दिवसभर उन्हात तापलेला टोमॅटो, रात्रभर राहिला तर सकाळी सार होईल त्याचं."

शंभूरावांनी फोन ओढला. "नरसिंह, क्लॅम्प जुना आहे, मी सांगतोय."

"तुमच्या हातचं काम, आणि मेस्त्रींचा कान. दोन्ही बघूनच निघालो मी. मेस्त्रींनी स्वतः सांगू दे, इथेच लावतो गाडी. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही आज."

गिअर पडल्याचा आवाज आला.

मी तुकोजीरावांसमोर उभी राहिले, अगदी तोंडासमोर, आणि फोन स्पीकरवर टाकला. ओठ मोठे करून म्हटलं, "तो म्हणतो, तुम्ही सांगा."

त्यांनी फोन घेतला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्याकडे परत आला नाही.

"नरसिंह."

"मेस्त्री, बोला. तुम्ही ठीक म्हणालात ना सकाळी?"

मी ते तसंच्या तसं ओठांनी म्हटलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"म्हणालो. गाडी बंद कर. क्लॅम्प वाकडा आहे."

"सकाळीही तोच क्लॅम्प होता की. सरळ केलेला. तुम्ही कान लावलात, गळत असता तर तुम्हाला कळलं नसतं?"

मी हे म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याच्याने होईना. माझे ओठ नुसतेच उघडे राहिले. त्यांनी ते बघितलं. मग मान हलवली. त्यांना ते माझ्याशिवाय कळलं होतं.

"ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"रेंज नसेल, मेस्त्री. थांबा, केबिनमधून उतरतो. हलोऽ. आता येतंय?"

फोनच्या पडद्यावर चार काड्या होत्या. त्यांनी त्या बघितल्या. मग शंभूरावांकडे, आणि बादली धरून उभ्या असलेल्या बिंदुमाधवकडे. शेवटी माझ्याकडे.

"रेंज आहे, नरसिंह," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. माझ्या कानांना."