पूजेतला जॅक

राग नाकावर असतो म्हणतात. रघुनंदनचा राग नाकावर नव्हता, हातात होता. तोंड उघडायच्या आधी हात उठायचा. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात त्यानं एका सुताराचा दात पाडला होता, एका रिक्षाची काच फोडली होती, आणि एकदा भिंतीवर मूठ मारून स्वतःचंच बोट मोडून घेतलं होतं. बेंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या गल्लीत लोक त्याला वचकून असत. बायको प्रमोदिनी तेवढी वचकत नसे, पण तिनंही घरात काचेचे ग्लास ठेवणं बंद केलं होतं.

या माणसाचा हात एकाच वस्तूवर शांत व्हायचा. पोर्चमध्ये उभी असलेली १९५७ची प्लिमथ. वडिलांची, म्हणजे कृष्णाजीरावांची गाडी. मागं माशाच्या शेपटासारखे दोन पंख, सहा सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. पूर्वीच्या मालकाकडून बाबांनी ती घेतली तेव्हा सगळी गल्ली बघायला आली होती. बाबा गेल्यावर अठरा वर्षं ती ताडपत्रीखाली कुजली. मग रघुनंदननं कारखान्यातल्या टूलरूमची नोकरी मुदतीआधीच सोडली आणि गाडीला हात घातला. पत्रा खरवडला, तळाचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिन सुटं करून पुन्हा बांधलं. दोन वर्षं त्यानं कुणाला मारलं नाही. प्रमोदिनीला हे फार मोठं वाटायचं, आणि ते होतंही.

धाकटा भाऊ यशोवर्धन राहायला जे. पी. नगरला. संगणकाच्या कंपनीत वरच्या जागेवर. तो दर रविवारी यायचा, सोबत नवे भाग घेऊन. त्याचं म्हणणं एकच, गाडी दिसायला जुनी असू दे, चालायला नवी पाहिजे. पॉवर स्टिअरिंग बसलं, नवं वायरिंग झालं. डिस्क ब्रेकवर मात्र महिनाभर वाद झाला. जुन्या ड्रम ब्रेकनं यशोवर्धनला लहानपणी दगा दिला होता. पावसात भिजलेले ब्रेक सदाशिवनगरच्या उतारावर लागलेच नाहीत, आणि बाबांच्या बाजूला बसलेल्या आठ वर्षांच्या यशूचं कपाळ समोरच्या पत्र्यावर फुटलं. ती खूण अजून होती. शेवटी रघुनंदन कबूल झाला. अट एकच घातली, की काढलेला एकही भाग घराबाहेर जाणार नाही. ते ड्रम बाबांच्या देखत त्यानं स्वतः लेथवर घासून काढले होते. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी त्याची पाठ थोपटली होती.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. या घराण्यातले लोक चारशे वर्षांपूर्वी तलवार घेऊन बेंगळुरात आले. तलवारीचं काम कधीच संपलं, पण नवमीला शस्त्रं पुजायची पद्धत काही सुटली नाही. आता तलवारीशेजारी पाने, हातोडे, ड्रिल मशीन मांडतात. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातली टाचणीसुद्धा उचलायची नाही. घरातला मोठा मुलगा हा नेम सांभाळतो.

रघुनंदननं पहाटेपासून सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन पुसून दिवाणखान्यात मांडली. पोर्चचं दार सताड उघडं, दारातून दहा पावलांवर पूजा. मग त्याचं लक्ष गाडीकडं गेलं. पुढची दोन्ही चाकं काढलेली, गाडीचं नाक दोन लोखंडी स्टँडवर टेकलेलं. ते स्टँडही हत्यारच. दोन वर्षं त्यांनीच गाडी पेलली होती.

"ते राहू देत," प्रमोदिनी झेंडूची माळ ओवता ओवता म्हणाली. "गाडी कशावर उभी राहील?"

"अर्धी पूजा कसली करायची?" तो म्हणाला.

आणि त्यानं जॅकनं गाडी उचलली, स्टँड काढले, त्यांच्या जागी बांधकामाचे दोन पोकळ सिमेंटचे ब्लॉक सरकवले. जॅक सोडवून धुतला आणि तोही पूजेत ठेवला. पोकळ ब्लॉकवर गाडी ठेवू नका, तो लाकडासारखा दबत नाही, एकदम फुटतो, हे तीस वर्षं तो नव्या कामगारांना ओरडून सांगत आला होता. आज त्याला ते सुचलं नाही असं नाही. पण आज गाडीखाली जाणार कोण? नवमीला हत्यारच उचलायचं नाही, तर काम कसलं? एवढा सरळ हिशेब होता त्याचा. त्यानं जॅकला पाच बोटं हळदीची ओढली, वर कुंकू, वर लिंबू.

मग बाबांचे ड्रम आणायला तो मागच्या खोलीत गेला. फळी रिकामी होती.

तो पोर्चमध्ये आला तेव्हा यशोवर्धन नुकताच आला होता. हातात बॅटरीवर चालणाऱ्या नव्या हत्यारांची पेटी.

"ड्रम कुठंयत?"

"कुठले, अण्णा?"

"बाबांचे. फळीवरचे."

"ते दिले की. शिवाजीनगरला, गुजरीत. त्या भंगारवाल्यानं नव्या ब्रेकचे ब्रॅकेट करून दिले ना, त्याच्या बदल्यात. नाहीतरी गंजतच होते." यशोवर्धन पेटी खाली ठेवत होता. "डावीकडच्या ब्रेकचा एक होजपाइप जोडायचा राहिलाय बघ. तेवढा केला की उद्या दसऱ्याला गाडी..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. रघुनंदनची थप्पड त्याच्या कानावर बसली आणि तो मडगार्डवर आपटला. दोन वर्षांची शांतता त्या एका आवाजात संपली. रघुनंदनला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं, अंगात अडकून पडलेलं काहीतरी मोकळं झाल्यासारखं.

"मी काय सांगितलेलं? एक भाग घराबाहेर जाणार नाही!"

"अय्यो, लोखंडाचे तुकडे होते ते!"

दुसरा हात उठला तो यशोवर्धननं हवेत धरला. सेहेचाळीस वर्षं मार खाल्लेल्या माणसाकडं बराच साठा असतो. त्यानं डोकं खाली घालून सरळ थोरल्या भावाच्या तोंडावर मारलं. रघुनंदनचा ओठ फाटला. मग दोघंही घसरले. गुरासारखे एकमेकांना ढकलत पोर्चच्या भिंतीवर आपटले, कुंडी फुटली, सायकल आडवी झाली. रघुनंदननं त्याचा शर्ट गळ्याशी पिळून धरला आणि तीन ठोसे लगावले, नाक, नाक आणि परत नाक. तिसऱ्याला आतलं हाड करकरलं ते दोघांनाही ऐकू आलं. पांढऱ्या शर्टावर रक्ताचा ओघळ उतरला. प्रमोदिनी आतून धावत आली, दोघांच्या मध्ये शिरली, आणि एक कोपर तिच्याही गालावर बसलं.

ते कोपर रघुनंदनचं होतं. तेव्हा कुठं तो थांबला.

यशोवर्धन नाक धरून उभा राहिला. त्याचा आवाज रडल्यासारखा झाला होता, पण तो रडत नव्हता. "बाबापण असंच मारायचे. तुला मारायचे, मग तू मला मारायचास. सरी, ठीक आहे. मार. पण ब्रेक मी बसवणार. माझं कपाळ फुटलं होतं, तुझं नाही." त्यानं पेटीतला पाना उचलला, पाठ टेकायची चाकांची फळी ओढली आणि डावीकडून गाडीखाली सरकला. खाली गाडी कशावर उभी आहे, हे त्यानं बघितलं नाही. डोळे नाकाच्या मारानं पाण्यानं भरले होते, आणि इतक्या रविवारी तिथं स्टँडच असायचे.

"बाहेर ये!" रघुनंदन ओरडला.

हे ओरडणं काळजीचं होतं की संतापाचं, हे त्याला पुढं कधीच ठरवता आलं नाही. ब्लॉकवर आहे गाडी, हे तीन शब्द त्याच्या जिभेवर होते. पण खालून पान्याचा आवाज आला. नवमीच्या दिवशी, त्याच्या घरात, त्याच्यासमोर पाना फिरत होता. तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाहेर ये म्हणतो ना!" त्यानं मडगार्डवर लाथ मारली. गाडी हलली. दुसरी मारली. तिसरी मारली तेव्हा डावीकडचा ब्लॉक फुटला.

गाडीचं नाक एका बाजूनं खाली बसलं. आवाज मोठा नव्हता. त्यानंतरची किंकाळी मोठी होती. चाक नव्हतंच तिथं, नुसती नवी कोरी डिस्क होती. तीच डिस्क यशोवर्धनच्या डाव्या दंडावर उतरली होती आणि मांसात शिरून हाडावर थांबली होती. गाडीची चौकट त्याच्या छातीवर होती. तो किंचाळला तो एकदाच. दुसऱ्या किंकाळीला छातीत हवा उरली नव्हती. नुसते पाय फरशीवर आपटत होते.

रघुनंदन जॅककडं धावला. दहा पावलं. वाकला, हात पुढं केला.

आणि हात जॅकला लागला नाही.

जॅकवर हळदीची पाच बोटं होती. लिंबू होतं. समई तेवत होती. अकरा वर्षांचा असताना त्यानं याच जागेवरून, याच दिवशी, सायकलसाठी एक पाना उचलला होता. बाबांनी तलवारीच्या सपाट पात्यानं त्याच्या पाठीवर एवढं मारलं होतं की चार दिवस त्याला उताणं झोपता आलं नव्हतं. तेव्हापासून त्यानं नेम मोडला नव्हता. आता चौपन्न वर्षांचा माणूस, बाबा मरून वीस वर्षं झालेली, मागं सख्खा भाऊ गुदमरतोय, आणि हात वीतभर अंतरावर अडलाय. पुढं जाईना. त्यानं पुन्हा जोर केला. जाईना. लाज वाटावी असं भय त्याच्या खांद्यात भरलं होतं.

तो माघारी पळाला आणि नुसत्या हातांनी बंपर धरून वर ओढू लागला. पाठीत चमक निघाली, नखं सोलली, ओठातून रक्त पुन्हा वाहू लागलं. टनाहून जास्त लोखंड ते. केसभरही हललं नाही.

"यशू! यशू!" तो ओरडत होता.

प्रमोदिनी त्याच्याकडं बघत थांबली नाही. ती आत गेली आणि तिनं पूजेत पाय घातला. समई आडवी झाली, तेल सांडलं, तलवार खणखणत भिंतीशी गेली. जॅकचा दांडा दोन्ही हातांनी धरून तिनं तो पाने-हातोड्यांवरून खरडत दाराबाहेर ओढला, नवऱ्याला खांद्यानं बाजूला लोटलं आणि जॅक चौकटीखाली घातला. "पंप कर!" ती किंचाळली.

बाहेर आलेल्या जॅकला मात्र त्याचा हात लागला. त्यानं दांडा वरखाली मारला. डिस्क दंडातून निघाली तसं रक्त उसळलं. प्रमोदिनीनं पदर फाडून वर आवळून बांधला आणि दोघांनी मिळून यशोवर्धनला बाहेर ओढलं. तोंड काळंनिळं पडलं होतं. मग छाती एकदा वर आली. ती पुन्हा खाली जाऊन परत वर येईपर्यंत रघुनंदननं स्वतःचा श्वास घेतला नाही.

दसऱ्याच्या दिवशी डॉक्टरांनी यशोवर्धनचा डावा हात खांद्याखालून काढला. सहा बरगड्या मोडल्या होत्या, नाक मोडलं होतं. पाचव्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. रघुनंदन दाराशी उभा होता. लाथेचं सांगायचं त्यानं ठरवलं होतं, पण आधी बोलला तो यशोवर्धन.

"ब्लॉक फुटला," तो म्हणाला. "स्टँड पूजेत होते. कुणाची काय चूक?"

पोलिसांनी नाकाचं विचारलं. तेही गाडीनंच, म्हणाला. पोलीस लिहून घेऊन निघून गेले.

रघुनंदन आत आला. तो पलंगाशेजारी खाली बसला आणि मोठ्यानं रडू लागला. भावाचा उरलेला हात त्यानं कपाळाला लावला. "यशू, मी मारली लाथ. तू वाचवलंस मला. मी..."

"लाथ कळली मला," यशोवर्धन म्हणाला. बोलताना बरगड्या दुखत होत्या, म्हणून तो एकेक शब्द तोडून बोलत होता. "लहानपणापासून ओळखतो मी तुझी लाथ. रागात मारलीस. तिचं काही नाही, अण्णा."

"मग?"

"खालून मला दारातून आतलं दिसत होतं. तुझे पाय दिसले. धावत गेलास. मला वाटलं, आला अण्णा, आता जॅक आणतो. बोटं वळलेली दिसली तुझी, जॅकच्या वर. आणि तू थांबलास." त्यानं हात हळूच सोडवून घेतला. "स्वल्प वेळ नाही, बराच थांबलास. मी तिथं मरत होतो. लाथ रागात मारलीस. थांबलास ते कशात?"

रघुनंदननं तोंड उघडलं. नेम म्हणावं, तर ते तोंडात फिरेना. बाबांचं भय म्हणावं, तर बाबा वीस वर्षांपूर्वी मेलेले. तिसरं काही त्याच्याजवळ नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं. राग निदान त्याचा स्वतःचा होता. पण त्या घडीला, शोधूनसुद्धा, त्याच्या अंगात राग सापडला नाही.

यशोवर्धननं तोंड भिंतीकडं वळवलं.

"वैनीला आत पाठव," तो म्हणाला. "तू नको येऊस."

प्रमोदिनी बाहेर बाकावर बसली होती. गालावरचा डाग आता पिवळा पडू लागला होता. रघुनंदननं तिला निरोप सांगितला. ती उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.