मेईबाईंची शेवंती

कार्तिक सरत आला की कृष्णेच्या खोऱ्यात ऊन मऊ होते. ते मग भाजत नाही. नुसते अंगावरून हात फिरवते. पसरणीच्या घाटावरून धुक्याचे धवल पदर एकेक करून उकलतात, उसाच्या तुऱ्यांवर रुपेरी झाक चढते, आणि नदीकाठच्या अर्ध्या गुंठ्यात केवळाबाईची शेवंती उमलते.

देवाला वाहायची पिवळी, गुबगुबीत शेवंती ती नव्हे. ही बटणाएवढी. हिमशुभ्र पाकळ्यांची, सुवर्णगर्भ, कडुमधुर गंधाची. चीन देशातल्या कुठल्याशा नदीकाठाहून ती मेईबाईंबरोबर आली होती. तिकडे वाळल्या फुलांचा चहा करतात. शिणलेल्या डोळ्यांना, तापल्या माथ्याला तो निववतो म्हणतात.

मेईबाई गावातल्या चिनी दंतवैद्यांच्या पत्नी. केवळाबाई त्यांच्या परसात खुरपायला जायची आणि खुरपता खुरपता शिकायची. दव सुकल्यावरच फूल खुडायचे. देठ ठेवायचा नाही. बांबूच्या चाळणीत एकपदरी पसरून उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरायचे, मोजकाच वेळ. कमी पडले तर पाकळी झडते, जास्त झाले तर काळवंडते. मेईबाई तो वेळ आपल्या भाषेतल्या आकड्यांनी मोजत. केवळाबाईला ते आकडे जिभेवर बसेनात. ती जात्यावरच्या चार ओव्या म्हणायची, आणि चौथी संपली की चाळणी उतरवायची. दोघींचे माप तंतोतंत जुळे. मग दोघी एकमेकींकडे बघून हसत. दोन दूरच्या नद्या एका ओंजळीत मिसळाव्यात, तसे ते हसणे.

मग उत्तरेच्या हिमशिखरांवर युद्ध पेटले. चिनी नावाच्या माणसांना दूर वाळवंटाच्या वाटेवरल्या छावणीत जाण्याचा हुकूम आला. तासाभरात सामान बांधायचे होते. मेईबाईंनी रेशीम बांधले नाही, भांडी बांधली नाहीत. त्या परसात गेल्या, शेवंतीच्या बुडाशी फुटलेल्या काश्या, म्हणजे कोवळे फुटवे, मुळांसकट उपटल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि केवळाबाईच्या ओटीत घातल्या.

"जुनं झाड मरतं, केवळा," त्या म्हणाल्या. "दर वर्षी नवी काशी लाव."

गाडी धुळीत दिसेनाशी झाली. गोणपाटाचे पाणी केवळाबाईच्या लुगड्यावर पाझरत राहिले, थेंब थेंब, थेंब थेंब.

गावात कुजबुज झाली. पाटील स्वतः बांधावर आले आणि शत्रूच्या मुलखातले झाड उपटून टाक, उगाच बालंट येईल, असे समजावून गेले. केवळाबाईने सगळे ऐकून घेतले, मान खाली घालून, हातातले खुरपे न थांबवता.

"तिनं ओली काशी हातात दिली, पाटील," ती म्हणाली. "ओली वस्तू हातात आली की ती लावायचीच असते."

आणि तिने ती लावली. त्या वर्षी लावली, पुढच्या वर्षी लावली. केस पांढरे होत गेले तशी लावत गेली. एक वर्ष असे आले की नदीच्या पात्रात वाळू तेवढी वाहिली. विहिरी आटल्या, वाफा करपला, एकच झाड उरले; करंगळीएवढे, करडे, मरणाशी बोलत बसलेले. केवळाबाईने ते फुटक्या घागरीत उचलून उंबऱ्याशी आणले. स्वतःच्या वाट्याच्या तांब्यातले अर्धे पाणी रोज त्याला दिले, आणि उरलेल्या अर्ध्यावर आपली तहान भागवायला शिकली. श्रावणात त्या एका झाडाच्या बुडाशी अकरा काश्या फुटल्या. तिने त्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि मातीला हात जोडले.

चौदा हेमंत असे गेले.

पंधराव्या हेमंतात सकाळच्या एस.टी.तून एक वाकलेली बाई उतरली. नवरा छावणीतच वारला होता. डोळ्यांवर मोतीबिंदूची दाट साय आली होती. काठीने वाट चाचपत ती नदीकडे निघाली आणि बांधावर थबकली. तिला वाफा दिसला नाही. वाऱ्यावर गंध आला. तिने काठी टाकली, गुडघे टेकले, आणि दोन्ही तळवे त्या शुभ्र, त्या शीतल, त्या हजार-मुखी फुलोऱ्यावरून फिरवले. एखादी आई झोपलेल्या लेकराचा चेहरा अंधारात ओळखते, तसे.

केवळाबाई खुडता खुडता उभी राहिली. तिने मेईबाईंना हाताला धरून घरी नेले, ओट्यावर बसवले, गेल्या आठवड्यात वाळवलेली फुले पेल्यात टाकली, वर कढत पाणी ओतले. मिटलेल्या पाकळ्या पाण्यात एकेक करून उलगडू लागल्या.

मेईबाईंनी घोट घेतला. बराच वेळ जिभेवर ठेवला.

"वाफ जास्त झाली," त्या म्हणाल्या. "तुझी ओवी लांबली, केवळा."

आणि चौदा वर्षांत न रडलेली केवळाबाई पदरात तोंड लपवून रडली. दम लागतो आता, ती हुंदक्यांतून सांगत होती, ओवी म्हणताना मध्येच दम लागतो. मेईबाईंनी तिचा खरखरीत, मातीच्या भेगांचा हात आपल्या गालाशी धरला. इतक्या वर्षांत एवढाच दोष राहिला, असे त्या आपल्या मोडक्या मराठीत पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

दिवस कलला. पठाराच्या काळ्या कडेवर सूर्य टेकला. केवळाबाई पेला विसळायला उठली, तर मेईबाईंनी तो धरून ठेवला. पहिलं पाणी फुलाला जागं करतं, त्या म्हणाल्या. चव दुसऱ्या पाण्यात असते.

केवळाबाईने दुसरे पाणी ओतले. फुले तळाशी गेली, गिरकी घेऊन वर आली. सांजेचे सोने पेल्यात उतरले, आणि त्या सोन्यात तरंगत राहिली पाच पांढरी फुले, उघडी, निवांत, हळूहळू थांबत.